भवानी पेठेतले तांडेल

भवानी पेठेत मी खोली घेतली तेव्हा घरमालकांनी मला एकच अट घातली. भाडं, पाणी, पाहुणेरावळे, कशाबद्दल म्हणून बोलले नाहीत. दारापर्यंत पोचवायला आले आणि म्हणाले, "मास्तर, अंगणात होडी आसा. तिका पाय लावू नकात."

मी गणिताचा मास्तर. थट्टा मला जरा उशिरा कळते, म्हणून मी उगाच हसून घेतलं. पण ती थट्टा नव्हती. अंगणात तुळशीवृंदावन आणि हौद यांच्यामध्ये दोन लाकडी घोड्यांवर चौदा फुटांची होडी पालथी घातलेली होती, आणि तिची नाळ, म्हणजे पुढचं निमुळतं टोक, नेमकी माझ्या उंबऱ्यासमोर आली होती. पुढचं वर्षभर मी रोज सकाळी शाळेला निघताना त्या नाळेवर गुडघा आपटला. सोलापुरात, जिथं चैत्र लागला की हौदाचा तळ दिसतो, तिथं मला रोज होडी लागत होती. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो माझी नाडी बघायला आला असता.

ही तीस सालाच्या अलीकडची गोष्ट. पेठेत सगळे घरमालकांना तांडेल, म्हणजे गलबतावरचा म्होरक्या, म्हणत. ते स्वतः चिडून सांगत, "मी तांडेल कधी नव्हतंय, साधो खलाशी." पण पेठेला गलबत ठाऊक नव्हतं, तर तांडेल आणि खलाशी यांतला फरक कुठून ठाऊक असणार? माणूस मालवणकडचा, काळा, सडसडीत, चालताना पाय फाकवून चालणारा, जणू रस्ताच डुलतोय. समुद्र सोडून हा प्राणी सोलापूरच्या धुरळ्यात कसा आला, तर दोरांमुळे. त्या वेळी गिरणीतल्या इंजिनाच्या अजस्र चाकावरून मनगटाएवढे जाड सुती दोर वरच्या मजल्यांवर जात आणि त्यांच्यावर सगळे साचे, म्हणजे यंत्रं, फिरत. दोर झिजला की त्याची दोन टोकं अशी गुंफावी लागत की हात फिरवला तर जोड कुठे आहे ते कळू नये. हे काम खलाशाइतकं कुणाला येणार? गिरणीनं त्यांना दोरवाला म्हणून ठेवून घेतलं.

पण दोर हे निमित्त. खरं कारण घरात होतं. सोलापूर निवडलं ते काकींनी, म्हणजे तांडेलांच्या बायकोनं. त्यांना समुद्र नको होता, खाडी नको होती, नदीसुद्धा नको होती. गाव सोडताना त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "मी तुमच्या होडीत बसेन त्या दिवशी परत घराक जाऊ. तोवर गावाचा नाव काढू नकात." आणि हे त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं, त्यामुळे पेठेतल्या पोराटोरांनाही पाठ होतं. तांडेलांनी गावाचं नाव काढलं नाही. बायको होडीत बसत नाही ना, मग होडी तरी असायला हवी, एवढा विचार करून त्यांनी सोलापुरात होडी बांधायला घेतली. पेठेपासून दोन कोसांवर एकरूखचा तलाव आहे, हे त्यांना कुणा गाडीवानाकडून कळलं होतं. निवडलेल्या कोरड्या गावालाही एक तलाव निघावा, हे काकींचं नशीब.

होडी कशाची, तर गिरणीत परदेशातून यंत्रं येत त्या मोठाल्या पेट्यांच्या फळ्यांची. फटींत कापसाची रद्दी आणि डांबर. डांबराच्या वासानं माझी कितीतरी जेवणं नासली. शिडाचं कापड विणलं शेजारच्या राजय्यानं. हा तेलंगी विणकर, घरात दोन माग, बोलायला गोड पण हातातल्या कामात महाहट्टी. तांडेलांनी सांगितलं होतं, जाड आणि कोरं कापड हवं. राजय्यानं आणून दिलं ते जाड होतं, पण दोन्ही बाजूंना लालभडक काठ.

"शिडाक काठ कशाक, राजय्या?"

"बिनकाठाचा कापड मढ्यावर टाकतात, तांडेल. मी जित्या माणसासाठी विणतो. बुडायचा असेल तर दुसरीकडून घे."

तांडेलांनी ते कापड घेतलं. एरवी कुणाचं न ऐकणारा माणूस, पण शकुनापुढे खलाशी वाकतोच. अशा रीतीनं सोलापुरी काठाचं शीड तयार झालं, आणि लांबून बघणाऱ्याला वाटे, तलावात कुणाचं तरी लुगडं चाललंय.

त्या शिडाला आडव्या तीन ओळींनी बंद शिवलेले होते, बाराबंदीला असतात तसे. मी विचारलं, हे काय? तेव्हा तांडेलांनी मला जे सांगितलं ते पुढं चार वर्षं मी रोज ऐकत राहिलो. मोठ्या गलबतावर वारा वाढला की मोठं शीड उतरवून धाकटं चढवतात. यांच्याकडे शीड एकच. मग वारा वाढला की शिडाचा खालचा भाग गुंडाळायचा आणि बंद बांधून टाकायचे, की शीड तेवढं आखडलं. लाटांची टोकं पांढरी व्हायला लागली की पहिली ओळ. सुकाणू धरायला दुसरा हात लागला की दुसरी.

"आणि तिसरी?" मी विचारलं.

"तिसरी ओळ लागली म्हणजे आपण दोनदा चुकलो, मास्तर."

मी त्याच संध्याकाळी गणित मांडलं. पहिल्या ओळीनं शिडाचा चौथा हिस्सा जातो, दुसरीनं जवळजवळ निम्मा. कागद नेऊन दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा बघितला आणि म्हणाले, "गणित बरा आसा. पण वारो कागद वाचता काय?"

होडी तलावावर नेली तो दिवस पेठेच्या इतिहासात नोंदवायला हवा होता. गाडीवान माळशिरसकडचा. त्यानं होडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "आवं, पान्यातली वस्तू ही, रस्त्यानं कशी न्यायाची? माजी बैलं बुजत्याली की." शेवटी बैलांच्या डोळ्यांवर फडकी बांधून ती वरात निघाली. पुढं राजय्या शीड खांद्यावर घेऊन, मागं अर्धी पेठ. काकी दारापर्यंत आल्या नाहीत. पण होडीच्या नाळेला लावलेलं कुंकू घरातूनच आलेलं होतं, ते मी बघितलं होतं.

तेव्हापासून दर रविवारी गिरणी बंद, शाळा बंद, आणि आम्ही तलावावर. पहिल्याच रविवारी काय झालं ते सांगतो. पाणी आरशासारखं. कडेला एक करकोचा एका पायावर उभा, त्याचं पीससुद्धा हलत नव्हतं. तांडेलांनी आकाश बघितलं, पलीकडच्या माळावर धनगराची मेंढरं चरत होती ती बघितली, आणि मुकाट्यानं पहिली ओळ बांधली. मी म्हटलं, वारा कुठाय? म्हणाले, "मेंढरांनी तोंडा फिरवली." मेंढरांच्या तोंडावरून होडी चालवणारा माणूस मी तरी तोवर पाहिला नव्हता. वारा आला नाही. आखडलेल्या शिडानं आम्ही पलीकडच्या काठाला गेलो आणि परत आलो, तोवर ऊन डोक्यावरून कलून गेलं. उपाशी पोटानं घरी पोचलो तर काकींनी निवलेल्या भाताचं पातेलं पुढ्यात आदळलं. मी भडकलो होतो. "तांडेल, वारा आलाच नाही."

"इलो नाय, बरा झाला की." अर्धी मालवणी आणि अर्धी सोलापुरी, अशी त्यांची भाषा झाली होती.

हा स्वभाव नुसता पाण्यावर असता तर चाललं असतं. गाडी दुपारची असली तर हे सकाळची भाकरी घेऊन स्टेशनावर. पंगतीत जिलबी यायच्या आधी पानावरून उठणार. पत्त्यांत जिंकत असले की डाव सोडणार. गिरणीत दोर तुटायच्या आधीच इंजिन थांबवून तो जोडायला बसत आणि जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, शिव्या खात. जॉबर म्हणायचा, अजून महिनाभर चालला असता. हे म्हणायचे, "तुटल्यावर जोडता तो दोरवालो नाय, तो न्हावी." यातलं न्हाव्याचं काय ते मला आजवर कळलेलं नाही. भवानी पेठेत मात्र "शीड आखडणे" हा वाक्प्रचारच झाला. भांडणात एखादा मागं सरला की बायका म्हणत, आखडलं शीड.

आमच्या शाळेत एक तालीममास्तर होते. छाती अशी, की दारातून आडवे जात. त्यांना होडीची हौस आली. तलावावर आल्या आल्या म्हणाले, "हे बंद सोडा. भित्र्याचं काम आहे." तांडेल रागावले नाहीत. म्हणाले, "तुमी लंगोट कधी कसतास? आखाड्यात उतरल्यावर काय आधी?" तालीममास्तर हसले, पण वारा पाठीशी होता, होडी मजेत चालली होती, अंगाला झुळूकही लागत नव्हती. त्यांचा जीव शीड सोडण्यात अडकला. उलट तांडेलांनी दुसरीही ओळ बांधून घेतली. मी चरफडलो. ते म्हणाले, "पाठीवरचो वारो गोड लागता. तोंड फिरवल्यार कळता, केवढो होतो तो." आणि होडी वळवली. तोच वारा आता बाजूनं आला, आणि आमची होडी अशी कलली की पाणी कडेला चाटून गेलं. दोन ओळी बांधलेल्या होत्या म्हणून कलली आणि सावरली. पूर्ण शीड असतं तर तालीममास्तरांची छाती तळाला गेली असती. ते डोलकाठीला दोन्ही हातांनी मिठी मारून बसले आणि काठ येईपर्यंत त्यांनी ती सोडली नाही.

घरी आल्यावर ही गोष्ट मी काकींना रंगवून सांगितली. आणि बोलण्याच्या भरात, कारण जीभ आवरणं मला कधी जमलेलं नाही, म्हणून गेलो, "काकी, सगळी पेठ बसून आली त्या होडीत. राजय्याची म्हातारी आईसुद्धा. तुम्हालाच काय धाड भरलीय? तो माणूस वर्षानुवर्षं घराकडं जायची वाट बघतोय, आणि तुम्ही अडून बसलाय."

काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मास्तर, मला सातवा महिना होता," त्या म्हणाल्या. "बाळंतपणाला माहेरी निघाले होते, ह्यांच्याच होडीतून. वारा वाढला होता. सोबतचा म्हातारा खलाशी दोनदा म्हणाला, शीड उतरव. ह्यांना भरती सापडायला हवी होती, एका दमात पोचून दाखवायचं होतं. चोवीस वर्षांचं वय. खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. मला ह्यांनीच बाहेर काढलं, केस धरून. मूल गेलं. नंतर झालं नाही."

एवढंच बोलल्या आणि पुन्हा सूप हातात घेतलं. मी त्या माणसाची किती टिंगल केली होती, भात निवला म्हणून, मेंढरं बघतो म्हणून. त्या दिवसापासून तांडेलांनी शीड आखडलं की मी चूपचाप बंद बांधायला हात लावू लागलो. त्यांना काकींनी मला सांगितल्याचं कळलं असावं. त्यांनी बंदाची गाठ कशी मारायची, म्हणजे एका झटक्यात सुटेल, ते मला शिकवलं. मी तीस वर्षं त्याच गाठीनं शाळेच्या वह्यांचे गठ्ठे बांधले.

मग गिरणीत विजेच्या मोटारी आल्या. प्रत्येक साच्याला आपली मोटार, मधले दोर कशाला? एका पावसाळ्यात चाकावरचे सगळे दोर उतरवले. तांडेलांना गिरणीनं दारावर बसायचं काम देऊ केलं, ते यांनी घेतलं नाही. घरी आले ते दोराचा एक हातभर तुकडा घेऊन. अंगणात बसायचे, त्याची दोन टोकं गुंफायचे, हात फिरवून बघायचे, आणि पुन्हा सोडवायचे. दुसऱ्या दिवशी तेच. होडी तलावाच्या काठाला, पण दोन रविवार गेले तरी निघायचं नाव काढलं नाही. मी म्हटलं, चला की. म्हणाले, "कोणासाठी, मास्तर?" गाव, घर, समुद्र, यांतलं अक्षर त्यांच्या तोंडून आलं नाही. कबूल केलेलं ते पाळत होते. पण तो दोर गुंफताना त्यांच्याकडे बघवत नसे, आणि काकी तर दिवसभर समोरच्या ओट्यावर बसून तेच बघत होत्या.

तिसऱ्या रविवारी सकाळी काकी कासोटा घट्ट मारून, डोक्यावरून पदर घेऊन अंगणात उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "मास्तर, टांगा बघा. एकरूखला जायचंय."

तांडेलांच्या हातातला दोर तसाच राहिला. टांग्यात ते माझ्या शेजारी बसले होते. वाटभर दोराचा तो तुकडा त्यांच्या मुठीतच होता.

तलावावर मंद वारा होता, पहिली ओळही लागली नसती असा. तांडेलांनी दोन ओळी बांधल्या, मग क्षणभर विचार करून तिसरीही. शिडाचा उरला तो काठाचाच काय तो पट्टा. काकींनी होडीला हात लावला, डोळे मिटले, आणि चढल्या. कुणी हात दिला नाही, द्यायची हिंमत आमच्यापैकी कुणाला नव्हती. त्या तांडेलांकडे तोंड करून बसल्या, दोन्ही मुठी फळीवर आवळून. होडी सुटली. सुटली म्हणजे काय, तरंगत राहिली. बाजूनं एक बदक पोहत पुढं निघून गेलं.

बऱ्याच वेळानं काकी म्हणाल्या, "ही होडी चालता, काय नुसती पाण्यात ठेवलेली आसा?"

तांडेलांनी नुसतं शिडाकडे बघितलं.

"वायच सोडा शीड," काकी म्हणाल्या. "मी बसलंय मा?"

तांडेलांना ती गाठ सुटेना. एका झटक्यात सुटणारी त्यांचीच गाठ. शेवटी मी सोडली. तिसरी ओळ, मग दुसरी, मग काकींनी मान हलवली तशी पहिली. लाल काठाचं ते अख्खं शीड फुगलं आणि होडी चालू लागली. चार वर्षांत मी ते पूर्ण उघडलेलं तेव्हाच प्रथम बघितलं. वारा पाठीशी होता. तांडेल सुकाणू धरून होते, पण त्यांचं ना पाण्याकडे लक्ष, ना आकाशाकडे, ना मेंढरांकडे. ते नुसते बायकोकडे बघत होते. मी पण, खोटं कशाला सांगू, तिकडेच बघत होतो. काकींच्या मुठी सुटल्या होत्या आणि एक हात पाण्यात होता.

"आता आखडा," तांडेलांच्या मागे पाण्याकडे बघत काकी अचानक म्हणाल्या.

दर वेळी स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करणारा हा माणूस, त्यानं मान वळवून बघितलंसुद्धा नाही. सुकाणू माझ्या हातात दिलं, शीड खाली घेतलं आणि एकेक करत दोन ओळी बांधून टाकल्या. बांधून होतात तोच पाणी मागून काळं पडत आलं आणि वाऱ्याचा लोट आमच्यावर आदळला. होडी कलली, पुढं सरकली, आणि चालत राहिली. काकींनी फळी धरली होती, पण ओरडल्या नाहीत.

वारा जरा ओसरल्यावर तांडेलांनी विचारलं, "तुका कसा कळला?"

"दर रविवारी तुमी हयसर येतास," काकी म्हणाल्या, "आणि मी माळवदावर जातंय. दोरीवर लुगडा कसा हालता ता बघत उभी रवतंय. तुमी कितव्या ओळीर आसात ता माका तिथनाच कळता. तुमी परत येईसर घास उतरत नाय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भात निवता तो त्यामुळे."

तांडेलांनी मान खाली घातली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण सुकाणू पुन्हा त्यांनी घेतलं होतं. इतकी वर्षं हा माणूस समजत होता की आपण एकटेच वारा बघतोय.

काठाला लागलो. काकी आपल्या आपण उतरल्या, पदर पिळला, आणि मला म्हणाल्या, "मास्तर, एक कार्ड लिहून द्या. दिराला. म्हणावं, घर झाडून ठेव. मागच्या दाराची कडी गंजली असेल, ती बघ."

कार्ड मी त्याच संध्याकाळी लिहिलं. तांडेल शेजारी बसून पत्ता सांगत होते. गावाचं नाव तोंडात आलं तसे थांबले, काकींकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, तेव्हा कुठं उच्चारलं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना ते कार्ड पेटीत टाकायचं काम माझ्याकडे होतं. पेटी पेठेच्या तोंडाशीच होती. कार्ड हातात धरून मी तिथं उभा राहिलो. हे आत गेलं की महिन्याभरात माझं शेजारचं दार बंद होणार, हे मला पुरतं कळत होतं. शाळेची घंटा झाली तरी मी उभाच होतो. शेवटी टाकलं, आणि त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा वर्गावर उशिरा गेलो.